दोन शहरांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ काढताना या चुका टाळा

पनामा सिटी ते बोगोटा हे हवाई अंतर साधारण ७७० किमी. विमानाने दीड-पावणेदोन तास. रस्त्याने किती लागतील, असं एखाद्या साध्या कॅल्क्युलेटरला विचारलं तर तो हवाई अंतराला ठरावीक गुणक लावतो आणि हजारेक किमी, तेरा-चौदा तास असं उत्तर देऊन मोकळा होतो. प्रत्यक्षात पनामा आणि कोलंबियाच्या सीमेवर डॅरिएन गॅप हा सुमारे १०० किमीचा दलदलीचा आणि घनदाट जंगलाचा पट्टा आहे. त्यातून मोटारीचा रस्ताच जात नाही. अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग तुटतो तो नेमका इथेच. गाडी पलीकडे न्यायची तर ती जहाजावर चढवावी लागते.

हे टोकाचं उदाहरण झालं. पण लांबच्या दोन शहरांमधलं अंतर आणि वेळ काढताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुकांची जात हीच असते. समोरचा आकडा खोटा नसतो, तो दुसऱ्याच कुठल्यातरी प्रश्नाचं उत्तर असतो. कुठून कुठे मोजलं, कोणत्या वाटेने, कोणत्या एककात आणि कोणत्या घड्याळाने, या चार गोष्टी विचारल्याशिवाय आकडा वापरायला घेऊ नये.

सपाट नकाशावर पट्टी ठेवणं

बीजिंग आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरं साधारण ४० अंश उत्तर अक्षांशावर आहेत. भिंतीवरच्या नकाशात दोघांमध्ये आडवी रेघ ओढली तर ती पॅसिफिक महासागर आणि अख्खी अमेरिका ओलांडून जाते. त्या रेघेने, म्हणजे अक्षांश धरून गेलं तर सुमारे १४,४०० किमी भरतात. पण पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमधली सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या बाजूने जाते आणि ती साधारण ११,००० किमीचीच आहे. फरक तीन हजार किमीहून जास्त, म्हणजे विमानाचे चार तास.

दोष नकाशाचा नाही. मर्केटरने १५६९ मध्ये हा नकाशा आखला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणारी वाट त्यात सरळ रेघेने दिसते, आणि समुद्रावर त्याचीच गरज होती. अंतर मोजणं हे त्या नकाशाचं कामच नव्हे. अंतरासाठी बृहद्वृत्त, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारं आणि दोन्ही ठिकाणांवरून जाणारं वर्तुळ धरायचं. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा, वाट समोर दिसेल. जो कॅल्क्युलेटर 'हवाई अंतर' सांगतो तो हेच मोजतो.

अक्षांश-रेखांश भरताना होणाऱ्या चुका

स्वतः सूत्र लावून किंवा स्प्रेडशीटमध्ये अंतर काढणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा इथे असते. त्यामुळे हा भाग जरा सविस्तर.

पहिली चूक अंश-मिनिटं आणि दशांश यांची गल्लत करण्याची. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५०, १८.३० नव्हे. एका अंशात ६० मिनिटं असतात. ०.२० अंशाची ही चूक उत्तर-दक्षिण दिशेला सुमारे २२ किमीची होते. लांबच्या अंतरात ती लपून जाते आणि जवळच्या अंतरात सगळा हिशेब बिघडवते.

दुसरी चूक चिन्हाची. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे भरायचे असतात. माद्रिद ३.७ अंश पश्चिमेला आहे आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिमेला, खरं अंतर साधारण ५,७७० किमी. दोन्हींची उणे चिन्हं विसरली तर उत्तर योगायोगाने बरोबरच येतं, आणि म्हणूनच ही चूक फार उशिरा सापडते. एकाचंच चिन्ह विसरलं तर मात्र उत्तर शेकडो किमीने सरकतं. तिसरी चूक क्रमाची. काही प्रणाली अक्षांश आधी मागतात, काही रेखांश. अक्षांश ९० च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे त्या रकान्यात ११६ दिसलं की अदलाबदल झाली आहे हे ओळखावं. चौथी चूक म्हणजे कोन अंशांत देणं. स्प्रेडशीटची साइन आणि कोसाइन ही फलनं कोन रेडियन या वेगळ्या एककात मागतात. रूपांतर न करता अंश दिले की येणारं उत्तर निव्वळ यादृच्छिक असतं.

उत्तर पडताळायला दोन सोप्या कसोट्या आहेत. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी, म्हणून पृष्ठभागावरची कोणतीही दोन ठिकाणं जास्तीत जास्त सुमारे २०,००० किमी अंतरावर असू शकतात. उत्तर त्याहून बरंच मोठं आलं तर सूत्रात घोटाळा आहे, पुढे जाऊच नका. दुसरी कसोटी अशी की उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे कुठेही साधारण १११ किमी. पूर्व-पश्चिम एक अंश मात्र विषुववृत्तावरच तेवढा असतो, ६० अंश अक्षांशावर तो निम्मा होतो. रेखांशातल्या फरकाला सरसकट १११ ने गुणणं ही शाळकरी वाटणारी चूक मोठमोठ्या तक्त्यांत आढळते.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. तिला गोल मानल्याने येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते. प्रवासाच्या नियोजनाला तिने काही बिघडत नाही. विमान ११ किमी उंचीवरून जातं म्हणून अंतर वाढतं का, असंही पुष्कळ जण विचारतात. वाढतं, पण साडेपाच हजार किमीमागे दहाएक किमी. ते सोडून द्यावं.

दोन ठिकाणी दोन आकडे आले, तर आधी भागाकार करा

एका साइटवर एक अंतर, दुसरीवर भलतंच. अशा वेळी कोण बरोबर या वादात न पडता मोठ्या आकड्याला छोट्याने भागा.

भागाकार १.६१ च्या जवळ आला तर एकाने किलोमीटर आणि दुसऱ्याने मैल दिले आहेत. १.८५ आला तर दुसरा आकडा सागरी मैलांत आहे. विमानवाहतुकीत तोच चालतो आणि एक सागरी मैल १.८५२ किमी असतो. १.१५ आला तर साधा मैल आणि सागरी मैल यांची गल्लत असू शकते. मात्र इथे थांबून बघा, कारण हवाई अंतर आणि रस्त्याचं अंतर यांच्यातही कधीकधी एवढाच फरक निघतो. १.२ ते १.४ च्या दरम्यान काही आलं तर बहुधा एक आकडा हवेतला आणि दुसरा जमिनीवरचा आहे.

फरक जेमतेम दहा, वीस, साठ किमीचा असेल तर मोजणीची टोकं वेगळी आहेत. लंडनचं अंतर रस्त्याच्या हिशेबात परंपरेने चेअरिंग क्रॉसपासून मोजतात, पॅरिसचं नोत्र दामच्या समोरच्या शून्य बिंदूपासून. हवाई अंतर शहराच्या मध्यापासून मोजलेलं असेल किंवा विमानतळापासून. टोकियोचा नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण ६० किमी दूर आहे, म्हणजे नुसत्या 'टोकियो' या शब्दात तेवढी मोकळीक आहे.

आणि फरक हजारो किमीचा असेल तर नाव तपासा. हैदराबाद भारतात आहे आणि पाकिस्तानातही आहे. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतल्या अलाबामात, सॅन होजे कोस्टा रिकात आणि कॅलिफोर्नियात, सिडनी ऑस्ट्रेलियात आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात. यादीतलं पहिलं नाव न बघता निवडल्याने लोक खरोखर चुकीच्या सिडनीला उतरले आहेत. तिकीट काढताना शहराच्या नावापेक्षा विमानतळाच्या तीन अक्षरी कोडवर भिस्त ठेवा.

हवाई अंतराला एकाच गुणकाने गुणून रस्ता काढणं

मोकळ्या, सपाट प्रदेशात हा अंदाज बऱ्यापैकी लागतो. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस हवेतून सुमारे ३,९५० किमी आणि रस्त्याने साधारण ४,५०० किमी, म्हणजे सव्वापटीहूनही कमी. पर्थ ते सिडनी हवेतून ३,२९० आणि रस्त्याने ३,९०० च्या पुढे, हे प्रमाण १.२ च्या आसपास. मॉस्को ते व्लादिवोस्तोक मात्र हवेतून ६,४०० आणि रस्त्याने ९,१०० च्या घरात जातं. तिथे विमान उत्तरेच्या बाजूने वाकून जातं आणि रस्ता सैबेरियाच्या दक्षिण कडेने वस्त्या आणि नद्यांवरचे पूल शोधत जातो. दिल्ली ते लेह हवेतून ६२० किमी, पण रस्त्याने मनालीमार्गे हजार किमीच्या आसपास आणि श्रीनगरमार्गे बाराशेच्या पुढे. डोंगर मध्ये आले की गुणक कामाचा राहत नाही.

पाणी आणि सीमा तर हिशेबच उलटा करतात. किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन देशांच्या राजधान्या काँगो नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत, पण मध्ये पूल नाही. मोरोक्को आणि अल्जीरिया यांच्यातली जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे. नकाशात रस्ता दिसतो, तो सीमेपर्यंत जातोही, पण पलीकडे जाता येत नाही. हेलसिंकी आणि टाल्लिन यांच्यामध्ये जेमतेम ८० किमीचं आखात आहे. नकाशा अ‍ॅप ते फेरीबोटीने जोडतं आणि बोटीचं अंतर रस्त्याच्या अंतरात मिसळून टाकतं. बोटीचं वेळापत्रक, तासभर आधी रांगेत लागणं, वाऱ्या-वादळाने रद्द होणारी फेरी यातलं काही त्या आकड्यात नसतं.

मार्ग दिसला की तीन गोष्टी उघडून बघा: त्यात फेरीबोट आहे का, सीमा ओलांडावी लागते का, आणि तो रस्ता त्या महिन्यात उघडा असतो का. मनाली-लेह महामार्ग हिवाळ्यात बर्फाने बंद असतो. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा अडसर टळला, पण पुढच्या उंच खिंडी आहेतच. कॅलिफोर्नियातला तियोगा खिंडीचा रस्ताही साधारण नोव्हेंबरपासून वसंताच्या अखेरपर्यंत बंद राहतो. सहलीची आखणी जानेवारीत आणि प्रवास जूनमध्ये, किंवा याच्या उलट, असं असेल तेव्हा अ‍ॅपने 'आत्ता निघालात तर' दाखवलेला मार्ग काहीच सांगत नाही. प्रवासाची तारीख आणि निघण्याची वेळ टाकूनच शोधा.

अंतर भागिले कमाल वेग

रस्त्याच्या वेळेबाबत सगळ्यात जास्त फसवणारी चूक सरासरीची आहे. निम्मं अंतर ताशी १२० ने आणि निम्मं ताशी ६० ने गेलं तर सरासरी ९० येत नाही, ८० येते. २४० किमीचं गणित करून बघा. पहिल्या १२० किमीला एक तास, दुसऱ्या १२० ला दोन, एकूण तीन. संथ पट्ट्यात आपण जास्त वेळ असतो, म्हणून तो सरासरीला खाली ओढतो. म्हणूनच द्रुतगती मार्ग कितीही चांगला असला तरी शहरातून बाहेर पडतानाचे आणि शेवटचे तीस-चाळीस किमी वेगळे धरले पाहिजेत. आखलेलं वेळापत्रक कोसळतं ते तिथेच.

अ‍ॅप दाखवतं तो निव्वळ चाक फिरण्याचा वेळ असतो. जेवण, इंधन, झोप, पाय मोकळे करणं यातलं काही त्यात नाही. पर्थ-सिडनीचे साधारण ४,००० किमी ताशी ९० ने ४४ तासांत होतात, पण ४४ तास म्हणजे दोन दिवस नव्हेत. युरोपीय संघात व्यावसायिक चालकांना दिवसाला साधारणपणे ९ तास गाडी चालवायची मुभा आहे, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. हे ज्यांचं रोजचं कामच आहे त्यांच्यासाठी ठरवलेलं आहे. सहलीला निघालेल्या हौशी चालकाने स्वतःवर त्याहून जास्त भार घेऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन. या हिशेबाने पर्थ-सिडनी म्हणजे पाच दिवस. शिवाय वाटेतल्या नल्लारबोर या ओसाड मैदानाच्या पट्ट्यात संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून तिथे उजेड आहे तोवरच गाडी चालवणं शहाणपणाचं. त्यामुळे हिवाळ्यातले छोटे दिवस असतील तर सहावा दिवसही मोकळा ठेवावा.

एकटा चालक आणि दहा तासांचं अंतर अशी जोडी दिसली की मुक्काम धरा. रात्रभर गाडी हाकून वेळ वाचतो ही समजूत जिवावर बेतणारी आहे. डुलकीने झालेल्या अपघातात ब्रेक मारायलाही कुणी जागं नसतं.

विजेवरच्या गाडीसाठी आणखी एक. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे भरताना वेग बराच मंदावतो, म्हणून लांबच्या प्रवासात एकदा पूर्ण भरण्यापेक्षा ८० पर्यंत दोनदा भरणं सहसा लवकर उरकतं.

विमानाचा वेळ जाताना आणि येताना सारखाच धरणं

लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५४० किमी. न्यूयॉर्कला जाताना आठ तासांच्या आसपास लागतात, परत येताना सातच्या आसपास. याचं कारण पृथ्वीचं फिरणं आहे असं अनेकांना वाटतं, आणि मग पश्चिमेला जाणारं विमान उलट लवकर पोहोचायला हवं, असा गोंधळ होतो. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते. फरक पडतो तो जेट स्ट्रीममुळे, म्हणजे मध्य अक्षांशांवर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्यामुळे. ९ फेब्रुवारी २०२० रोजी किआरा वादळाच्या दिवसांत या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचलं होतं. हिवाळ्यात हा वारा जास्त जोर धरतो, म्हणून एकाच मार्गाचं वेळापत्रक ऋतूनुसार बदललेलं दिसतं.

ढोबळ अंदाज हवा असेल तर हवाई अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा-पाऊण तास मिळवा. ही वरची मिनिटं धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं यांची. तिकिटावरचा वेळ दारापासून दारापर्यंतचा असतो, पण ते दार विमानाचं. मध्य अक्षांशांवर पूर्वेला जाताना हा अंदाज थोडा कमी करा, पश्चिमेला जाताना वाढवा.

हा अंदाज फार चुकला तर समजावं की विमान बृहद्वृत्तावरून जातच नाही. हेलसिंकी-टोकियो हा प्रवास आधी साडेनऊ तासांच्या आसपास होत असे. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं आणि तोच प्रवास १३ तासांवर गेला. शहरं तिथेच आहेत, अंतर तेवढंच आहे, कॅल्क्युलेटर आजही जुनाच आकडा दाखवतो. तिबेटच्या पठारावरूनही प्रवासी विमानं फारशी जात नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन ३,००० मीटरच्या आसपास खाली यावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन थोडीच मिनिटं पुरतो. तिथे तर खालची जमीनच त्याहून उंच आहे. खरी वाट बघायची असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या सेवेवर त्याच क्रमांकाच्या विमानाचे मागच्या काही दिवसांचे मार्ग पाहा.

तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी

समजा विमान सिंगापूरहून रात्री ११:३० ला सुटतं आणि लंडनला सकाळी ५:४५ ला पोहोचतं. वजाबाकी सव्वासहा तास, पण प्रवास सव्वाचौदा तासांचा, कारण हिवाळ्यात सिंगापूर लंडनच्या आठ तास पुढे आहे. टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघून दहा तास उडालेलं विमान उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला त्याच दिवशी सकाळी ११ ला उतरतं. तिकिटात चूक झाली असं समजून लोक ते रद्द करायला निघतात. मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडलेली असते, एवढंच.

दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभरची घड्याळं जिच्यावरून लावतात त्या जागतिक प्रमाणवेळेत बदला आणि मगच वजा करा. अर्ध्या आणि पाऊण तासांची प्रमाणवेळ लक्षात ठेवा. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा तास. आणि उन्हाळी वेळेचा बदल सगळीकडे एकाच दिवशी होत नाही. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात पाचऐवजी चारच तासांचा फरक राहतो. त्या दिवसांत जोडविमान पकडायचं असेल तर पाठ असलेला फरक वापरू नका.

विमान की रस्ता, हे फक्त प्रवासाच्या वेळेवर ठरवणं

६०० किमीला विमान सव्वा तास घेतं. त्यात विमानतळापर्यंत एक तास, उड्डाणाआधीचे दोन, सामान मिळेपर्यंत अर्धा-पाऊण आणि पुढे शहरात जायला एक असं धरा, सहा तास झाले. रस्त्याने ताशी ७५ च्या सरासरीने आठ तास आणि थांबे मिळून साडेनऊ. इथे विमान जिंकतं. ३०० किमीला मात्र विमानाचे तास फारसे उतरत नाहीत, साडेपाचच्या आसपास राहतात, आणि रस्त्याने साडेचार तासांत आपण दारात उतरतो. बरोबरीचा टप्पा साधारण ४०० किमीच्या आसपास येतो. रस्ता चांगला आणि विमानतळ लांब असेल तर तो पुढे सरकतो, डोंगर असेल तर मागे.

जोडविमानाची वेळ

'थेट' विमान मध्ये उतरू शकतं. क्रमांक एकच राहतो, थांबा मात्र असतो, म्हणून 'नॉनस्टॉप' लिहिलंय का ते बघा. मधल्या शहरात विमानतळ बदलतोय का हेही बघा. टोकियोत नारिताला उतरून हानेदाहून पुढचं विमान असेल तर मध्ये रस्त्याने पाऊणशेहून जास्त किमी आहेत, शिवाय इमिग्रेशन आणि सामान. तिथे चार-पाच तासांहून कमी अंतर ठेवू नये.

दोन विमानं एकाच तिकिटावर असतील आणि पहिल्याच्या उशिरामुळे दुसरं चुकलं तर पुढची सोय सहसा विमान कंपनीच करते. स्वतंत्र तिकिटं असतील तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी असता. स्वस्त पडतं म्हणून तिकिटं वेगळी काढलीत, तर त्या दिवशीचं नंतरचं आणखी एक विमान आहे ना, एवढं आधी पाहून घ्या. नसेल तर मध्ये एका रात्रीचा मुक्काम घाला.